पक्कामावशी आणि काळी वायर

आमच्या मावशीला घरात, गल्लीत आणि तिच्या जुन्या कारखान्यात सगळे पक्कामावशी म्हणतात. तिचं खरं नाव बँकेच्या पुस्तकात आहे आणि तिथे ते सुखरूप आहे. बाहेर काढायचं कधी कारण पडत नाही.

टेलिफोन बनवणाऱ्या कारखान्यात ती एकतीस वर्षं सोल्डरिंगच्या रांगेत बसली. त्या रांगेची एक रीत होती. सांधा जोडला, की चिमट्याने वायर हलकेच ओढून बघायची. सुटली नाही, तर मोठ्याने ‘पक्का’ म्हणायचं आणि मगच तो तुकडा शेजारणीकडे सरकवायचा. ‘पक्का’ ऐकल्याशिवाय शेजारीण हात लावत नसे. दिवसातून हजारभर वेळा एक शब्द, असा एकतीस वर्षं. माणसाच्या तोंडात दुसरे शब्द शिल्लक राहिले हेच नवल. गॅसचं बटण फिरवलं, पक्का. कुलूप ओढून पाहिलं, पक्का. माझ्या बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा मावशीने होणाऱ्या भावोजींचा हात हातात घेतला आणि सवयीने असा ओढून पाहिला, की बिचारे दोन पावलं पुढे आले. पण हात सोडवून घेतला नाही. ‘पक्का,’ मावशी म्हणाली, आणि पुढची बोलणी पाच मिनिटांत संपली.

चार वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला. हातातली सोल्डरिंग आयर्न खाली ठेवून मावशी घरी आली आणि घराच्या मागे लागली. पहिल्या सहा महिन्यांत घरातलं जे जे बिघडलं होतं ते दुरुस्त झालं. पुढच्या सहा महिन्यांत जे बिघडलं नव्हतं तेही दुरुस्त झालं. मग ती शेजाऱ्यांकडे वळली. शेवटी शेजारी मिक्सर बंद पडला तरी तो चालू असल्यासारखा तोंडाने आवाज काढू लागले, असं काका म्हणतात. काका म्हणजे तिचे यजमान. टपालखात्यातून निवृत्त झालेले, सावकाश बोलणारे, आणि बायकोला हसवल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही असे.

पण हसून हात भरत नाहीत. मावशीला काम हवं होतं. ‘दहा बोटं आहेत,’ ती म्हणायची, ‘ती काय नुसती मोजायला?’ सहा ठिकाणी जाऊन आली. सहाही ठिकाणी पहिला प्रश्न ‘वय?’ एका ठिकाणच्या पोराने तर खुर्चीवरून उठून ‘या आजी, बसा’ म्हटलं. मावशी बसलीच नाही. ‘मी सांधा दाखवायला आलेय, गुडघे नाही,’ असं सांगून परत आली. सांधा दाखवा असं मात्र सहांपैकी एकानेही म्हटलं नाही.

सातवं ठिकाण म्हणजे बाजाराच्या मागच्या रस्त्यावरचं वाद्यांचं दुकान. तिथले दुरुस्तीवाले गृहस्थ मुलीकडे राहायला गेले होते आणि दारावर ‘कारागीर पाहिजे’ अशी पाटी लागली होती. दुकानाचा मालक गोड माणूस. त्याला स्वतःला एकही वाद्य वाजवता येत नाही. त्यामुळे सगळ्याच वाद्यांची तो सारख्याच मनापासून स्तुती करू शकतो. दुकानात जे येईल ते ‘खास’. खरचटलेला ड्रम खास, एक पट्टी मुकी असलेला हार्मोनियम तर जास्तच खास.

त्याने मावशीला वय विचारलं नाही. कपाटामागून एक लाल इलेक्ट्रिक गिटार काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

‘हिचे पिकअप बदलायचेत. जमेल?’

‘पिकअप म्हणजे?’ मावशीने विचारलं.

मालकाचा चेहरा जरा पडला. पण त्याने दाखवलं. गिटारीच्या तारांखाली दोन चपट्या पट्ट्या बसवलेल्या होत्या. आत चुंबक, चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की वेढ्यांत इवलीशी वीज उठते आणि ती वायरीतून बाहेरच्या भोंग्याच्या पेटीकडे जाते.

‘म्हणजे टेलिफोनचा कानच की हा,’ मावशी म्हणाली. ‘फक्त उताणा झोपलेला. जमेल.’

गिटार एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. दिवसभर लोकांच्या तोंडात यंत्र फिरवायचं आणि सुट्टीच्या दिवशी चार मित्रमैत्रिणी जमवून गिटार वाजवायची, असा त्यांचा क्रम. रविवारी संध्याकाळी त्यांच्या मंडळींचा एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी मानेजवळचा पिकअप एका कंपनीचा आणि खालचा दुसऱ्या कंपनीचा असे दोन नवे आणून दिले होते.

‘शनिवारी दुपारी त्या न्यायला येतील,’ मालक म्हणाला. ‘त्यांना पसंत पडलं, तर हे टेबल तुमचं. नाही पडलं, तर सोमवारी एक सर्टिफिकेटवाला येणार आहे. माझं तसं काही नाही हो मावशी, पण दुकान आहे.’

गुरुवार आणि शुक्रवार मावशी त्या टेबलाशी बसली. मी गुरुवारी डबा द्यायला गेलो तर तिने मान वर केली नाही. गिटारीच्या तारा सोडवून गुंडाळून ठेवल्या होत्या, वरची पांढरी पाटी स्क्रू काढून उलटी केली होती आणि पाटीच्या पोटातली सगळी आतडी बाहेर दिसत होती. आवाजाचं बटण, सुराचं बटण, तीन खाचांचा खटका. खटका वर केला की वरचा पिकअप बोलतो, खाली केला की खालचा, आणि मधे ठेवला की दोघं मिळून. जुन्या कारागिराने सोल्डरचे एवढाले गोळे टाकून ठेवले होते.

‘हे सांधे आहेत की गूळ चिकटवलाय?’ मावशी स्वतःशीच बोलत होती. ‘वायरला आधी सोल्डर पाजायचं असतं रे बाबा. तहानलेली वायर धरत नाही.’

सोल्डरमधल्या राळेचा धूर वर गेला आणि मावशीने तो डोळे मिटून आत घेतला. काही बायका अत्तराला डोळे मिटतात. मी डबा ठेवला आणि निघालो.

आता तिने काय केलं ते नीट सांगतो, कारण सगळं घोडं पुढे तिथेच अडलं. वरच्या पिकअपमधून दोन वायरी निघत होत्या, एक काळी आणि एक पांढरी. खालच्यातून काळी आणि हिरवी, शिवाय एक उघडी. कारखान्यात नव्या आलेल्या बाईला पहिल्या दिवशी पहिलं वाक्य शिकवायचे: काळी जमिनीची, बाकीच्या कामाच्या. जमिनीची म्हणजे जी सगळ्यांना समाईक असते ती, बटणाच्या पाठीवर जोडायची ती. या वाक्यावर एकतीस वर्षांत लाखो टेलिफोन बोलले होते. मावशीने दोन्ही काळ्या जमिनीला जोडल्या, पांढरी आणि हिरवी खटक्याला. उघडी पुन्हा जमिनीला. नऊ सांधे, नऊ वेळा चिमटा, नऊ वेळा पक्का.

खोक्यातून कंपनीचा एक घडी घातलेला कागदही निघाला होता. मावशीने तो उलगडला आणि आयर्नच्या स्टँडखाली अंथरला. टेबलावर सोल्डर सांडू नये म्हणून.

शनिवारी दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. तारा चढवलेली गिटार गळ्यात घालून त्यांनी भोंग्याच्या पेटीला जोडली, खटका वर केला आणि बोटं फिरवली.

‘वा!’

खटका खाली केला. ‘अगदी हवा तसा. खणखणीत.’

मालकाने मावशीकडे बघून भुवया उडवल्या. डॉक्टरांनी खटका मधे आणला, वाजवलं, थांबल्या. पुन्हा वाजवलं. त्यांच्या कपाळावर एक आठी आली. त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्यांना ती ओळखीची असणार. ती आली की पुढे एक्स-रे निघतो.

‘याला सर्दी झालीय,’ त्या म्हणाल्या.

खरंच तसं होतं. दोन्ही मिळून आवाज भरदार व्हायचा, तर तो उलट बारीक झाला होता. नाक धरून कुणी गावं तसा. खालचा भारदस्तपणा कुठे गेला कळत नव्हतं.

‘सर्दी कसली डॉक्टर!’ मालक पुढे सरसावला. ‘हा खास आवाज आहे. लोक मुद्दाम मागून घेतात.’

‘मी मागितला नव्हता.’

‘सवय झाली की आवडेल बघा.’

‘असं मी दात उपटल्यावर सांगते,’ डॉक्टर म्हणाल्या. मग मावशीकडे वळून जरा मऊ आवाजात: ‘मावशी, दोन्ही वेगवेगळे फार छान झालेत हो. पण मला अर्धी गाणी मधल्यावर वाजवायची असतात.’

मावशी गिटारीकडे बघत होती. ‘सांधा कच्चा राहिला असेल,’ ती म्हणाली.

कच्चा हा शब्द स्वतःच्या सांध्याबद्दल तिने आजवर उच्चारला नव्हता. तो तिच्या तोंडून कसाबसा बाहेर आला.

‘उद्या अकरापर्यंत झालं तर बघा,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘नाहीतर मी मैत्रिणीची मागून आणते, त्यात काही नाही.’

त्या गेल्यावर मालकाने छताकडे पाहत सोमवारचा विषय काढला. काढला म्हणजे, ‘सोमवारी...’ एवढंच म्हणाला आणि खोकला.

मावशीने गिटार, दुकानातली छोटी भोंग्याची पेटी आणि आपलं सगळं सामान घेतलं आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून घरी आली. काही पिशवीत, काही मांडीवर. लाल गिटार उभी धरून बसलेल्या मावशीकडे सिग्नलला लोक वळून बघत होते. एरवी तिने एखादा टोमणा मारला असता. त्या दिवशी ती नुसता गिटारीचा खटका वरखाली करत राहिली.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. काका वाटीत स्क्रू सांभाळायला बसले. मावशीने नऊच्या नऊ सांधे उकलले आणि नऊच्या नऊ पुन्हा केले. एकेक सांधा असा, की त्यात तोंड बघावं. तारा चढवल्या, भोंग्याची पेटी जोडली, खटका मधे ठेवला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी बोटाने तारा छेडल्या.

सर्दी तशीच.

मावशीने चष्मा काढला आणि दोन्ही हात उजेडात धरून उलटसुलट पाहिले.

‘हात गेले माझे,’ ती म्हणाली.

‘कुठे गेले? इथेच तर आहेत,’ काका म्हणाले.

‘थट्टा नको. मला वाटत होतं वय विचारणारी माणसं मूर्ख आहेत. त्यांना ठाऊक होतं ते. दिसतंय मला बरोबर, वाटतंय बरोबर, आणि होतंय चूक. म्हणजे हातांतच काहीतरी गेलंय आणि मला कळतही नाहीये. टेबल जाऊ दे. पण मी घरातल्याही कशाला यापुढे हात लावायचा की नाही, सांगा.’

यावर काकांना विनोद सुचला नाही. सुचला असेल तर त्यांनी गिळला. ते उठून चहा करायला गेले. काकांचा चहा कसाही असतो, पण त्या दिवशी मावशीने नावं न ठेवता प्यायला, तेव्हा परिस्थिती गंभीर आहे हे मलाही कळलं.

रविवारी सकाळी आठला मी गिटार परत पोचवायला म्हणून गेलो. मावशीने ती फडक्यात गुंडाळून दाराशी ठेवली होती. काका मात्र आपल्या रविवारच्या कामात होते. कारखाना बंद झाला तेव्हा ‘आठवण म्हणून ज्याला जे हवं ते न्या’ असं साहेबांनी सांगितलं होतं. कुणी खुर्च्या नेल्या, कुणी पंखे. मावशीने तपासणीच्या टेबलावरचा, वीज मोजायचा काट्याचा जुना मीटर आणला होता आणि आल्या आल्या काकांनी तो लाटला. दर रविवारी ते घरातले सगळे सेल बाहेर काढतात, एकेकाला मीटर लावून काटा बघतात आणि परत जागेवर घालतात. टपालखात्यात पत्रं तपासली, आता सेल.

‘कमाल आहे,’ काका म्हणाले. ‘दोन्ही सेल ठणठणीत. काटा पार शेवटपर्यंत जातोय. आणि रेडिओ ठार मेलेला.’

‘एक उलटा घातला असेल,’ मावशी भिंतीकडे बघत म्हणाली.

‘उलटा घातला म्हणून काय झालं? आत आहे ना? ताजा आहे ना?’

‘अहो, काय बोलता! एक पुढे ढकलतो आणि दुसरा मागे ओढतो. वेगवेगळे कितीही ताजे असू देत, दोघं मिळून...’

ती थांबली. तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

‘दोघं मिळून काय?’ काकांनी विचारलं.

‘द्या इकडे तो मीटर.’

‘सेल राहिलेत अजून चार.’

‘मीटर द्या!’

हे असं असतं बघा. एखाद्या घरात दोन जावा असतात. थोरली एकटी असली की घर सोन्यासारखं चालवते, धाकटी एकटी असली की त्याहून झकास. पाहुणा दोघींचीही तारीफ करून जातो. पण दोघी एकदम स्वयंपाकघरात आल्या, की एक झाकण ठेवते आणि दुसरी काढते. दोघीही सुगरण, आणि भाजी कच्ची. त्या लाल गिटारीत तेच चाललं होतं. दोन्ही पिकअप चांगले, सगळे सांधे चांगले. पण तार थरथरली की एक पुढे ढकलत होता आणि दुसरा मागे ओढत होता. दोघांची जेवढी ताकद सारखी, तेवढी आपसातच संपत होती. उरलेला तो सर्दीवाला आवाज.

मावशीने फडकं सोडलं, गिटारीच्या भोकात पेटीची वायर घातली, वायरीच्या बाहेरच्या टोकाला मीटरचे दोन चिमटे लावले आणि खटका वर केला. मग स्क्रूड्रायव्हर वरच्या पिकअपच्या चुंबकाला चिकटवला आणि झटकन ओढून घेतला.

‘काटा बघा. कुठे गेला?’

‘उजवीकडे,’ काका म्हणाले. ‘जरासाच. पण उजवीकडे.’

खटका खाली. स्क्रूड्रायव्हर खालच्या पिकअपला चिकटवून झटकन ओढला.

‘आता?’

‘डावीकडे जायला बघतोय. शून्याच्याही मागे.’

‘परत बघा.’

‘डावीकडे गं. मी चष्मा पुसलाय.’

तिने चार वेळा केलं. चारही वेळा वरचा उजवीकडे आणि खालचा डावीकडे. मग ती मटकन खुर्चीत बसली आणि हसायलाच लागली. मी आधी घाबरलो.

‘म्हणजे सांधे पक्के होते!’ ती म्हणाली. ‘सगळे! दोन्ही वेळेला! अहो, हात शाबूत आहेत माझे. अक्कल गेली होती नुसती.’

‘तिचं आपल्याला कधीपासूनच अडत नाही,’ काका म्हणाले आणि त्यांचा गिळलेला विनोद बहुधा हाच होता.

अक्कल नेमकी कुठे गेली होती ते शोधायला तिने पिशवीतून स्टँडखालचा कागद काढला. सोल्डरचे थेंब पडून त्याची चाळणी झाली होती. काकांनी तो खिडकीशी धरून वाचला.

‘इथे लिहिलंय, काळी वायर कामाची. जमिनीला हिरवी जोडा. ठळक अक्षरांत आहे गं.’

‘असू दे.’

‘खाली रेघ पण मारलीय.’

‘कळलं.’

‘शेजारी बोट दाखवणाऱ्या हाताचं चित्र...’

‘ते चित्र चिकटवू का तुमच्या तोंडावर?’

तर अशी ती चूक. या कंपनीची काळी वायर कामाची होती, त्या कंपनीची जमिनीची. ज्याने आयुष्यात कधी आयर्न धरली नाही, त्याने तो कागद वाचला असता आणि मुकाट्याने बरोबर जोडलं असतं. एकतीस वर्षं काळी जमिनीलाच जोडलेल्या बाईलाच ही चूक करता येते. फार अनुभव लागतो तिला.

पाटी उघडली. काळी आणि हिरवी यांची जागा बदलली, उघडी वायर होती तिथेच राहू दिली. दोनच सांधे. वीस मिनिटांत तारा चढल्या. मीटर लावला, आता दोन्ही पिकअपना काटा उजवीकडे. भोंग्याची पेटी जोडली, खटका मधे ठेवून मी तारा छेडल्या आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे किंचित थरथरले.

‘चला,’ मावशी म्हणाली. ‘पावणेदहा झाले.’

दुकानात डॉक्टर आधीच येऊन बसल्या होत्या. मालक त्यांना एक बासरी खास कशी आहे ते सांगत होता. डॉक्टरांनी गिटार जोडली आणि थेट मधली खाच धरली. आवाज भरून आला, गोल, खोल. त्यांची आठी उलगडत गेली.

‘काय केलंत?’

मालकाने मावशीला डोळ्याने खूण केली. अनुभवी दुकानदाराची खूण होती ती. तिचा अर्थ, काहीतरी अवघड नाव सांगा.

‘माझी चूक होती,’ मावशी म्हणाली. ‘काळी वायर उलटी जोडली होती. कागदावर लिहिलं होतं, मी वाचलं नाही. मला वाटलं मला येतं.’

मालकाने डोळे मिटून घेतले.

डॉक्टर मावशीकडे वळल्या. ‘बावीस वर्षं माझ्या खुर्चीत माणसं बसतात,’ त्या म्हणाल्या. ‘दात पार किडलेला असतो, आणि एक जण कबूल करत नाही की मी गोड खाल्लं. प्रत्येकाचा दात आपोआप किडतो. तुम्ही पहिल्या.’ मग खालच्या आवाजात, ‘उघडून दाखवाल? आतलं बघू दे.’

पाटी पुन्हा उलटी झाली. डॉक्टरांनी पर्समधून आपलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि सांध्यांवर वाकल्या. मालकही वाकला, त्याला काही कळत नव्हतं, पण गिऱ्हाईक वाकलं की तो वाकतो.

‘किती स्वच्छ आहे हे,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘एवढ्या जागेत. हे तोंड मधेच मिटत नाही हे खरं, तरी एवढं नीट... नाही, मला जमलं नसतं.’ त्यांनी भिंग काढलं. ‘मावशी, एक विचारू? हसू नका. काल घरी गेल्यावर तो सर्दीचा आवाज डोक्यातून जाईना. आमचं एक गाणं आहे, सावकाश, जरा रडकं. त्यात तो अगदी चपखल बसेल असं रात्रभर वाटत राहिलं. पण एकाच गाण्यात. बाकीच्यांत हाच हवा.’

‘मी म्हणालो होतो!’ मालक उसळला. ‘खास! काल काय म्हणालो होतो मी?’

मावशी मात्र गिटारीच्या पोटात बघत होती. तिच्या बोटांनी हवेतच दोन वायरींची अदलाबदल केली, परत जागेवर आणली.

‘सहा पायांचा छोटा खटका आहे का दुकानात?’ तिने विचारलं. ‘वर केला की काळी-हिरवी सरळ, खाली केला की उलट. म्हणजे हवं तेव्हा बरोबर आणि हवं तेव्हा चूक.’

मालकाने तीन खोकी उपसून खटका शोधला. सगळं मिळून पाऊण तास लागला. या वेळी मावशीने खटक्यासोबतचा इवलासा कागद दोनदा वाचला, आणि तरी काटा लावून पाहिला. डॉक्टर शेजारी स्टुलावर बसून होत्या आणि मधे मधे चिमटा पुढे करत होत्या. दोघींनाही न बोलता कळत होतं, पुढे काय लागणार ते. मी मालकाला हळूच म्हटलं, बघा, पहिल्याच कामाला तुमच्या कारागिराला डॉक्टर मदतनीस मिळाली. तो म्हणाला, कारागीर अजून ठरलेला नाही. पण म्हणताना त्याला स्वतःलाच हसू आलं.

खटका बसला. डॉक्टरांनी आधी भरलेला आवाज वाजवला, मग बोटाने खटका खाली दाबला. ते रडकं गाणं सुरू झालं. बारीक, नाकातला, दुरून कुणी टेलिफोनवर बोलावं तसा सूर. काल जो दोष होता तो आज ऐकायला दुकानाच्या दारात दोन माणसं थांबली. मावशी मान खाली घालून ऐकत होती. तिला संगीतातलं काही कळत नाही, पण टेलिफोनवरचा दुरून येणारा आवाज तिने आयुष्यभर जोडला होता. तो चांगला कुठला आणि वाईट कुठला, हे तिला कुणी सांगायला नको.

गाणं संपल्यावर डॉक्टर म्हणाल्या, ‘आमच्यातल्या दोघांच्या गिटारी आहेत. बुधवारी घेऊन येतील. त्यांनाही असाच खटका बसवून द्या.’

‘बुधवारी?’ मालकाने विचारलं आणि मावशीकडे पाहिलं. ‘पण सोमवारी तो सर्टिफिकेटवाला...’

‘त्याला सांगा जागा भरली,’ डॉक्टर गिटार खोळीत घालत म्हणाल्या. ‘मी रोज भरते. जागा रिकामी ठेवली की दुखतं.’

मालकाने दारावरची ‘कारागीर पाहिजे’ची पाटी काढली, ती कुठे ठेवावी ते न कळून काखेत धरली, आणि मावशीपुढे येऊन उभा राहिला. ‘मग मावशी, उद्या दहाला?’

‘साडेनऊला,’ मावशी म्हणाली. ‘पण हे टेबल इथे अंधारात चालायचं नाही. खिडकीशी हवं.’

‘खिडकीत ड्रम मांडलेत हो! तो माझा दर्शनी माल. खास...’

‘ड्रमला डोळे नसतात. मला आहेत, आणि साठीला आलेत.’

आपलं वय तिने त्या दुकानात असं स्वतःहून सांगून टाकलं. मालकाने ड्रमकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि बाह्या सरसावल्या. काका चौकशीला म्हणून दहा मिनिटांपूर्वीच येऊन पोचले होते. त्यांना ड्रमची एक बाजू धरायला लावली, मला दुसरी. ड्रम एकेक करून मागे गेले. मग आम्ही तिघांनी ते जड लाकडी टेबल फरशीवरून करकरत ओढायला सुरुवात केली. मावशी खिडकीशी उभी राहून हाताने खुणा करत होती.

‘अजून. अजून थोडं. अहो, तुम्ही मागे ओढताय, हा पुढे ढकलतोय! एका बाजूला जोर लावा. हां, असं. अजून बोटभर.’

टेबलावर ऊन आलं.

‘बस,’ ती म्हणाली. ‘आता स्टूल आणा.’